फेरी, सात किलोमीटर

बार्शीच्या पुढे डोंगर उठतो तिथे
वनखात्याची पत्र्याची चौकी.
खाकीतल्या ठोंगे मॅडम वही पुढे सरकवतात.
नाव, गाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ.
मी लिहितो: अंबादास नरसय्या येमूल, सोलापूर,
सहा चाळीस.
शेवटचा रकाना मोकळा.
त्या पाटीकडे बोट दाखवतात:
धावडदरा फेरी, अवघड.
एकट्याने जाऊ नये, असंही खाली लिहिलंय,
पण ती ओळ उन्हाने खाल्लीय
आणि मला हवं तेवढंच मी वाचतो.

एकतीस वर्षं चार मागांच्या मधे काढली.
चालायचो तिथेही,
सहा पावलं इकडे, सहा तिकडे,
तुटलेला धागा शोधत.
डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून सांगितलं,
बारीक आवाज गेले, ते आता यायचे नाहीत.
आणि चाला जरा. साखर वाढलीय.

म्हणून चालतो.
सुरुवातीला मुरूम, तरवड,
विजारीत घुसून बसणारं कुसळ.
मग वाट एकाएकी उभीच राहते समोर,
भिंतीसारखी.
धावड्याची गोरी खोडं धरत, सोडत,
वर.
गुडघे कुरकुरतात. ते मात्र नीट ऐकू येतं.

बोरीच्या शेंड्यावर मुठीएवढा पक्षी.
चोच उघडली, गळा थरथरला,
शेपूट दर खेपेला उचललं.
म्हणजे गात असणार.
काठी टेकून उभा राहिलो
आणि त्याचं अख्खं गाणं बघितलं.

इथे फार शांत असतं म्हणे.
असेल.
माझ्या कानात अजून पाळी चालू आहे,
खटाक खटाक,
कारखान्याचं गोडाऊन होऊन चार वर्षं झाली तरी.
घरी तेलुगू, मागावर मराठी,
मालकापुढे गप्प;
या दरीत कुठल्या भाषेत बोलायचं ते सुचेना,
म्हणून नुसताच खोकलो.

अर्ध्यावर एक चुना फासलेला दगड.
त्याच्या अलीकडेच पाय सटकला.
दगडगोटे खाली गेले, त्यांच्या मागे मी,
दोन हात, तीन हात,
मग एका हिवराने शर्ट धरला.
काट्यांना नावं ठेवायचो मी.
बसून राहिलो. तळवा सोललेला,
त्यात लाल माती.
परत फिरावं तर साडेतीन किलोमीटर,
पुढे जावं तरी साडेतीन.
नागमणीने बांधून दिलेली कडक भाकरी काढली,
शेंगाची चटणी फडक्यात तेल सोडून बसलेली.
दोन घास झाल्यावर
पुढचे साडेतीन जरा कमी वाटले.

पठारावर वारा. वाळलेलं गवत एका अंगाला झुकलेलं.
सोलापूर काही इथून दिसत नाही.
दक्षिणेला धुरकट काहीतरी आहे,
तेच सोलापूर, असं मी धरून चालतो.
वाटेत साळिंदराचा काटा पडलेला,
काळा, पांढरा, पुन्हा काळा,
दोन्ही टोकांना निमुळता, धोट्यासारखा.
उचलला. बोटांनी आपोआप तोलला.
इथलं काही नेऊ नये, मॅडम म्हणाल्या होत्या,
किंवा मला तसं वाटलं होतं.
आपट्याच्या बुंध्याशी ठेवून दिला.

उतार चढापेक्षा वाईट.
अंगठे बुटाच्या टोकाला ठेचत,
काही ठिकाणी तर सरळ बसून घसरत आलो,
साठीचा माणूस, पोरासारखा.
कानातला माग तेव्हाही थांबला नाही,
फक्त कधीतरी लक्षात आलं
की तो माझ्या पावलांच्या मागून येतोय,
मी थांबलो की अडखळतोय,
नवा कामगार अडखळतो तसा.

चौकी आली. तीच, पण मागल्या बाजूने.
अकरा पंचवीस, मी लिहिलं.
सोललेल्या हाताचा लाल ठसा पानावर उमटला.
ठोंगे मॅडमनी काहीतरी विचारलं.
ओठांवरून मला ‘पाणी’ वाटलं.
मी म्हटलं, हो.
त्या हसल्या, पान उलटलं,
वर पुढच्या रविवारची तारीख घातली,
खाली माझं नाव.

मग पाणीही दिलं.